गुरुवारची मेल

मस्कतच्या कचेऱ्यांत आठवडा गुरुवारी संपतो. १ मे २०१३ पासून इथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार झाली. त्याआधी ती गुरुवार-शुक्रवार असे. पुण्या-मुंबईच्या मुख्य कचेरीला शनिवार-रविवार सुट्टी. म्हणजे दोन्हीकडची माणसं एकाच वेळी टेबलाशी असतात ती सोमवार ते गुरुवार, चारच दिवस. त्यात घड्याळं दीड तासानं पुढंमागं: पुण्यात साडेदहा वाजतात तेव्हा मस्कतच्या रुवी भागात नऊ. रविवारी मस्कत कामावर असतं, पण पुण्याच्या माणसाला कुणी उठवत नाही. मेल जाते आणि सोमवारची वाट पाहते. शुक्रवारी मात्र, इथं लोक जुम्म्याच्या नमाजासाठी निघत असताना, खिशातला फोन वाजतो. विषयाच्या जागी ‘तातडीचे’, मजकूर एका ओळीचा. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. पाठवणाऱ्याचा तो भर कामाचा दिवस असतो, त्याच्या मनात काही वाकडं नसतं. तरीही ती ओळ वाचणाऱ्याला लागते. का लागते, ते मला इथल्या माणसांमुळे कळलं.

ओमानी माणूस भेटल्या भेटल्या कामाचं बोलत नाही. आधी सलाम. मग तब्येत कशी, घरचे कसे, वडील बरे आहेत ना, काय नवीन खबर. उत्तर देणाराही तितक्याच सावकाशीनं उलट चौकशी करतो. मग खजूर पुढे येतात आणि वेलदोड्याच्या वासाचा कहवा, मुठीत मावेल एवढ्या बिनकानाच्या फिंजानात. पुरे झाला की फिंजान हातातच जरा हलवायचा, वाढणारा समजतो. (या कॉफीच्या रिवाजाला २०१५ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत जागा मिळाली, ती मागणाऱ्या चार अरब देशांत ओमानही होता.) एवढं झाल्यावर बिलाचा विषय निघतो, आणि बहुतेक वेळा लवकर मिटतो. इथल्या अरबी सरकारी पत्रालाही हीच चाल आहे: आधी समोरच्याचं नाव सन्मानानं, मग शुभेच्छा, मग मजकूर.

आपल्याकडे तरी काय निराळं होतं? पेशवे दफ्तरातली पत्रं पाहा. मोहिमेवर फौजेचा पगार थकलेला, सावकार दारात बसलेला, अशा वेळी पैसे मागणारा सरदारही आधी दंडवत घालतो, इकडचं क्षेम कळवतो, तिकडचं कळवत जावं अशी विनंती करतो, आणि मगच रकमेवर येतो. त्याला घाई नव्हती असं कोण म्हणेल? त्याच्या पत्रावर तर घोडी आणि माणसं दौडत होती.

घाईची सवय तारेनं लावली असेल. योगायोग असा, की टपाल आणि तार दोन्ही ओमानच्या दारात एकाच वर्षी आली. १ मे १८६४ रोजी मस्कतमध्ये टपाल कचेरी उघडली ती ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपाल खात्याची; मस्कतहून निघणाऱ्या पत्रांना तिकिटं हिंदुस्थानची लागत. त्याच वर्षी हिंदुस्थानला युरोपशी जोडणारी समुद्रतार ग्वादरहून मुसंदमच्या खाडीत आली. ग्वादर तेव्हा मस्कतच्या सुलतानाचंच होतं. मुसंदमच्या खोर अश-शममध्ये, उघड्या डोंगरांनी वेढलेल्या एका खडकाळ बेटावर तारघर उभं राहिलं आणि काही वर्षांतच सोडून दिलं गेलं. ते बेट आजही टेलिग्राफ आयलंड म्हणूनच ओळखलं जातं. तारेत शब्द मोजून पैसे पडत, म्हणून तिथं नमस्कार गळाला ते समजू शकतं. मेलला शब्दामागे एक ओमानी बैसाही पडत नाही.

मजकूर थोडक्यात असावा हे मला शंभर टक्के मान्य आहे. जून ते ऑगस्टमध्ये दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला इथं कायद्यानं बंदी असते. साइटवरचा इंजिनिअर पहाटेपासून उन्हात उभा राहून त्या वेळी केबिनमध्ये येतो आणि फोन उघडतो. त्याला पंधरा जुन्या मेलांची माळ पाठवून ‘खालील पाहून घ्यावे’ म्हणणं निर्दयपणाचं आहे. काय हवं आणि कधीपर्यंत हवं, ते दोन ओळींत लिहावं. त्या दोन ओळींच्या वर त्याचं नाव आणि नमस्कार मावतो. रमजानमध्ये तर मुस्लिम कर्मचाऱ्यांचा दिवस सहा तासांचा. दुपारनंतर उत्तर आलं नाही म्हणून स्मरणपत्र धाडू नये.

पण सगळ्यांत जास्त जखमा करतो तो सीसीचा रकाना. माहितीसाठी प्रत पाठवणं वेगळं, आणि साक्षीदार गोळा करणं वेगळं. एका कचेरीत मी पाहिलं आहे: खरेदीच्या ऑर्डरचा नंबर चुकला, चूक पाच मिनिटांत दुरुस्त होणारी. ती दाखवणारी मेल गेली त्या ओमानी सहकाऱ्याला, आणि सीसीमध्ये त्याचे साहेब, साहेबांचे साहेब, शिवाय मुख्य कचेरीतली मंडळी. भाषा सभ्य होती, एकही शब्द वावगा नव्हता. त्याचं उत्तर दहा मिनिटांत आलं, पुराव्यांसकट, सगळ्यांना. त्या दिवसापासून तो आमच्या टेबलाशी थांबेनासा झाला. पूर्वी जे काम जाता-येता तोंडी होत असे, त्याला पुढे आठवडा लागू लागला, कारण त्यानंतर प्रत्येक गोष्ट लेखी हवी होती. चारचौघांत खाली पाहायला लावलेलं इथला माणूस विसरत नाही. मराठी माणूस तरी कुठे विसरतो? आपण स्पष्टवक्तेपणाचं कौतुक करतो, आणि तो आपल्यावर चालवला गेला की वर्षानुवर्षं मनात ठेवतो. म्हणून मला वाटतं, तक्रार त्या एकट्यालाच लिहावी. एकट्याला लिहून भागलं नाही, तरच वरिष्ठांकडे जावं, आणि तसं त्याला आधी सांगून जावं.

तेव्हा पुण्यात बसून मस्कतला लिहिणाऱ्या माझ्या मित्रांनो, पुढच्या खेपेला सीसीत साहेबांचं नाव घालण्याआधी त्या माणसाला एक फोन करा. तो आधी तुमची तब्येत विचारील, मग घरच्यांची. नीट सांगा, आणि त्याच्या घरचीही विचारपूस करा.