एक संगणक, चार साक्षीदार

माझा भाचा संगमनेरला इंजिनिअरिंग शिकतो. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला आणि त्याने माझ्या संगणकावर बॉइंक नावाचे सॉफ्टवेअर टाकले. शास्त्रज्ञांकडे कधी कधी आकडेमोडीचे एवढे काम असते की ते एका ठिकाणी उरकत नाही. मग त्याचे लहान लहान तुकडे करून ते इंटरनेटवरून लोकांच्या घरी पाठवतात. आपला संगणक रिकामा बसला असेल तेव्हा तो तुकडा सोडवतो आणि उत्तर परत पाठवतो. पैसे मिळत नाहीत, गुण मिळतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने १९९९ साली परग्रहावरच्या संदेशांचा शोध घेण्यासाठी 'सेटी ॲट होम' सुरू केले, ते याच पद्धतीने. मार्च २०२० मध्ये त्यांनी नवे काम वाटणे थांबवले. बॉइंकही तिथलेच.

भाच्याने निवडला तो प्रकल्प 'आइन्स्टाइन ॲट होम'. हा प्रकल्प पल्सार तारे आणि गुरुत्वीय लहरी शोधतो. मला नाव ऐकूनच बरे वाटले. पल्सार म्हटले की आम्हा नगरकरांना खोडद आठवते. नारायणगावजवळची ती रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी तिथे शाळांच्या सहली जातात. गुरुत्वीय लहरींची वेधशाळा तर आपल्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथला होते आहे. म्हटले, चला, आपल्या घरातूनही थोडा हातभार लागू दे.

दोन दिवसांनी पाहतो तर आमचा एकच संगणक चार संगणक झालेला. भाच्याने बॉइंकच्या चार प्रती चालू केल्या होत्या. तसे ते अवघड नाही. प्रत्येक प्रतीला माहिती साठवायला वेगळा फोल्डर द्यायचा, वेगळा पोर्ट क्रमांक द्यायचा आणि एकाहून जास्त प्रती चालू द्याव्यात अशी सूचना लिहायची. (मूळ पोर्ट ३१४१६. पाय म्हणजे ३.१४१६, हे मी भाषेचा शिक्षक असूनही ओळखले!) तिकडच्या सर्व्हरला वाटते, या घरात चार यंत्रे आहेत.

"पण यंत्र तर एकच ना रे?" मी विचारले.

"हो मामू, पण दर संगणकामागे कामाचा कोटा असतो. चार दाखवले की चौपट साठा मिळतो."

प्रोसेसर तोच, मेमरी तीच. चारही प्रतींना मोकळे सोडले, तर प्रत्येकीला वाटते सगळा प्रोसेसर आपलाच. मग काम चौपट न होता सगळेच रखडते. म्हणून त्याने एकेका प्रतीला एकेक कोर वाटून दिला. म्हणजे एकूण काम पुन्हा एका प्रतीइतकेच. मी एकाच खोलीत तिसरी आणि चौथी शिकवतो. हजेरीपट दोन असतात, पण गुरुजी एकच. चौथीला व्याकरण सांगताना तिसरी पाढे घोकत बसते, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

भाच्याची बाजूही सांगायला हवी. आमच्या गावात नेट दोन-दोन दिवस जाते, तेव्हा साठा कामाला येतो. पण त्यासाठी बॉइंकमध्येच सोय आहे. काही दिवसांचे काम आधी उतरवून ठेवता येते. आणि जास्त प्रती म्हणजे नेहमी लबाडीच, असेही नाही. सुरुवातीच्या काळात सेटीचा प्रोग्राम एकच प्रोसेसर वापरायचा. ज्याच्याकडे दोन प्रोसेसरचे यंत्र असे, त्याला दोन प्रती लावाव्याच लागत. आजही ग्राफिक्स कार्ड एका तुकड्याने पुरते भरत नसेल तर त्यावर दोन तुकडे एकत्र चालवता येतात. आइन्स्टाइनवाल्यांनी तशी निवड सदस्यांच्या हाती दिलेली आहे. त्यात खोटे काही नाही, कारण यंत्र एकच म्हणून नोंदलेले राहते.

माझे आणि त्याचे वाजले ते पुढच्या गोष्टीवरून. "दोन प्रती माझ्या नावावर ठेवतो, दोन तुमच्या," तो म्हणाला. "दोघांचे गुण वाढतील."

हे मी होऊ दिले नाही. एकच तुकडा सहसा दोन वेगळ्या संगणकांना देतात आणि दोघांची उत्तरे जुळली तरच ते मान्य करतात. घरोघरच्या यंत्रांवर भरवसा ठेवायचा तो असा. कुणाची मेमरी खराब असते, कुणाचे यंत्र तापून चुकीचे आकडे देते. २०१० साली या प्रकल्पाने आरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतून आपला पहिला नवा रेडिओ पल्सार शोधला, तेव्हा श्रेय अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका जोडप्याला आणि जर्मनीतल्या माइन्त्सच्या एका माणसाला मिळाले. एकमेकांना कधी न भेटलेले लोक, आणि दोन्ही घरच्या संगणकांनी एकच गोष्ट सांगितली. एकाच सदस्याला तोच तुकडा पुन्हा मिळू नये याची काळजी प्रकल्प घेतात. पण एकाच यंत्रावर दोन माणसांची खाती ठेवली, तर तोच तुकडा दोन्हीकडे येऊ शकतो. मग आमच्या यंत्राने आमच्याच यंत्राची गवाही द्यायची. भावकीच्या जमिनीच्या वादात एक माणूस दोन नावांनी साक्षीला उभा राहिला तर तलाठीसुद्धा हसेल.

"मामू, इतना कौन देखता है?" तो म्हणाला. आमच्या घरात हा प्रश्न शेवटचा विचारला गेला तेव्हा दादी जिवंत होत्या, आणि उत्तर हाताने मिळाले होते. मी फक्त माझ्या नावाचे खाते त्याला देणार नाही एवढे सांगितले. दोन दिवस तो रुसला. मग तीन प्रती काढून टाकल्या. काढण्याआधी साठवलेले तुकडे पूर्ण करून परत पाठव, हे मात्र मी बजावले. नाहीतर मुदत संपेपर्यंत ते अडकून राहिले असते आणि मग सर्व्हरला ते दुसऱ्या कुणाला तरी द्यावे लागले असते.

आता एकच प्रत चालते, चारपैकी तीन कोरवर, रात्रीची. दिवसा पंख्याचा आवाज आणि विजेचे बिल दोन्ही घरच्यांना खपत नाही. काल भाच्याचा फोन आला. आमच्या एका तुकड्याचे उत्तर जाऊन नऊ दिवस झाले, पण गुण मिळालेले नाहीत. जोडीच्या संगणकाचे उत्तर अजून यायचे आहे.

"कोण असेल तो, इतके दिवस धरून बसलाय?" भाचा वैतागला होता.

"असेल कुणीतरी," मी म्हणालो, "चार प्रती लावून बसलेला."