पायातलं आधी

आबांकडे वहाणांचे दोन जोड होते. बाजारच्या दिवशी घालायचा जोड जाड तळाचा, चालताना कर्रकर्र वाजणारा. तो आवाज आला की आबा घराकडे निघालेत, हे गल्लीला कळायचं. रानात जायचा जोड जुना, तळ झिजून पातळ झालेला, एरंडेल पिऊन पिऊन काळा पडलेला. तो मुका होता. शिकारीला निघताना आबा हा मुका जोड खुंटीवरून काढायचे, तळव्याकडून वाकवून बघायचे आणि अंगठ्याच्या पट्ट्यावर तेलाचं बोट फिरवायचे. बंदुकीला हात त्यानंतर.

हे १९७० सालचं. नातू तेव्हा आठ वर्षांचा. गाव राधानगरीच्या वरच्या अंगाला, दाजीपूरच्या जंगलाच्या अलीकडे. ते जंगल एकेकाळी शाहू महाराजांचं शिकारीचं रान. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. गावाची शिकार हद्दीबाहेरची, भातात आणि नाचणीत शिरणाऱ्या रानडुकरांची. ठासणीची बंदूक गावात एकच होती. बाकी सगळे जनावर उठवणारे हाकेकरी.

हाक्याआधी आबा माणसं देवळासमोर ओळीनं उभी करत आणि खाली मान घालून एकेकाचे पाय बघत चालत. "वर काय बी घाला. पायातलं आधी दावा." कुणाचा अंगठा सैल असला, कुणाच्या वहाणेला नवीन नाल मारलेली असली, की तो माणूस त्या दिवशी घरी. डोक्याला मात्र प्रत्येकाच्या लाल मुंडासं लागायचं. जनावर बुजेल ना, असं नातवानं एकदा विचारलं. आबा म्हणाले, "जनावराचं ऱ्हाऊ दे. जाळीत हाललं ते डुक्कर का माणूस, हे बंदूकवाल्याला कळाय पायजे."

खांद्यावर घोंगडी. धनगरानं दख्खनी मेंढीच्या लोकरीची विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली, नवीन असताना पुठ्ठ्यासारखी ताठ. पहाटे दबा धरून बसताना आबा तिची खोळ करून डोक्यावरून घेत. वरच्या केसांवर दहिवराचे थेंब मोत्यांसारखे बसलेले दिसायचे आणि आत हात घातला तर ऊब. त्या खोळीत आबांच्या बरगडीला टेकून बसलेल्या मुलाला लोकरीचा, तंबाखूचा आणि ओल्या मातीचा जो वास आला, तो पुढे तीस वर्षांनी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा भेटणार होता.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. गावातली बंदूक आधी गप्प झाली, मग जमा झाली. देशात परवान्यावर उरलीसुरली शिकार १९९१च्या दुरुस्तीनं थांबली. हे फार आधी व्हायला हवं होतं. शिकारी घरात वाढलेला हा नातूही आयुष्यभर तेच म्हणत आला आहे. आबांनी तक्रार केली नाही. मुका जोड मात्र खुंटीवरच राहिला आणि दर पावसाळ्याआधी त्याला तेल मिळत राहिलं.

पुढे नातू इंजिनिअरिंगला पुण्यात आला आणि इतर मुलांसारखाच गडांच्या नादाला लागला. ऐंशीच्या दशकातला सह्याद्रीचा भटक्या लांबूनही ओळखू यायचा: पायात कॅनव्हासचे हंटर शूज, अंगात जीन्स, पाठीला खाकी सॅक. हंटर शूज स्वस्त होते, घोट्यापर्यंत यायचे, भिजले तरी उन्हात चटकन वाळायचे. सह्याद्रीसाठी ते वाईट नव्हते. खोट जीन्समध्ये होती, आणि ती कळायला हरिश्चंद्रगडावरचा एक जुलै पुरला.

पाचनईकडून चढताना सकाळपासून पाऊस होता. चढ संपेपर्यंत सगळे ओले होते आणि खुशीत होते. कोकणकड्यावर थांबले आणि वारा लागला. दहाएक मिनिटांत एका मित्राचे दात वाजायला लागले. थोड्या वेळानं ते वाजायचे थांबले आणि तो असंबद्ध बोलू लागला. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या साधारण पंचवीस पट वेगानं ओढून नेतं, आणि जीन्स म्हणजे पायांभोवती गुंडाळलेलं पाणीच. गुहेतल्या एका गुराख्यानं एकही प्रश्न न विचारता त्या मित्राचे कपडे उतरवले, त्याला स्वतःच्या घोंगडीत गुंडाळलं आणि चुलीजवळ बसवलं. घोंगडीही ओलीच होती. तरी तासाभरानं मित्र चहा मागायला लागला. लोकरीचा धागा कुरळा असतो. भिजल्यावरही त्या कुरळेपणात हवा अडकून राहते. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल लोकर पोटात घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. हे वाचून कळायला अजून काही वर्षं होती. त्या संध्याकाळी त्याला फक्त आबांची खोळ आठवली, आणि त्यानंतर पावसाळ्यात त्यानं जीन्स कधी घातली नाही.

१९८६ साली तो उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्सला गेला. पुण्यातल्या एका दुकानातून घेतलेले कातडी बूट बरोबर होते. दुकानदारानं बसवून माप घेतलं होतं, दुपारी, पातळ सुती मोज्यावर. सपाट फरशीवर बूट अगदी बेताचे वाटले. डोंगर उतरताना पाऊल पुढे सरकतं, हे फरशीला कुठे ठाऊक? तिसऱ्या दिवसाच्या उतारावर दोन्ही अंगठ्यांची नखं निळी पडली आणि महिन्याभरानं गळली. तिथल्या प्रशिक्षकांनी पुढच्या आयुष्याला पुरेल असा एक धडा दिला. बूट घेताना जाड मोजा घालून, नाडी न बांधता, पाऊल पुढे रेटायचं. टाचेमागे एक बोट शिरलं पाहिजे. मग नाडी बांधून उतरत्या फळीवर तोंड खाली करून उभं राहायचं. बोटं टोकाला टेकली तर बूट परत. चढताना घोट्याशी नाडी सैल, उतरताना पावलावर घट्ट, आणि मध्ये नाडीला दुहेरी वळसा, म्हणजे खालचा ताण खालीच राहतो.

त्याच कोर्समध्ये एका सकाळी समोरच्या कड्यावर काहीतरी हललं. मानेभोवती सिंहासारखी आयाळ, आखूड वळलेली शिंगं. हिमालयातला थार. जिथे माणसाला दोर लागला असता तिथे तो उभा राहून अंग खाजवत होता. त्याचे खूर पुढे दुर्बिणीतून नीट बघायला मिळाले: कडा टणक, मध्ये रबरासारखी मऊ गादी. डोंगरासाठी तळ कसा असावा, याचा याहून चांगला नमुना नाही.

१९९६ साली नोकरीनं त्याला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला नेलं, आणि तिथे तोच थार पुन्हा समोर आला. १९०४ साली बेडफर्डच्या ड्यूकनं भेट दिलेले थार माउंट कुकजवळ सोडले गेले होते. त्यांना खाणारं जनावर त्या बेटावर एकही नव्हतं. कळप वाढले, आणि डोंगराची माती धरून ठेवणारं टसॉकचं उंच गवत विरळ व्हायला लागलं. १९९३ च्या सरकारी आराखड्यानं थारांची संख्या दहा हजारांच्या आत ठेवायचं ठरवलं. भारतात ज्याला हात लावणं गुन्हा, त्याची शिकार तिथे डोंगर राखण्याचा भाग आहे. हे पचायला त्याला चार वर्षं लागली. मग त्यानं बंदुकीचा परवाना काढला, आणि पहिल्यांदा थारामागे निघायची वेळ आली तेव्हा बंदूक कोणती यावर नव्हे, बूट कोणते यावर दोन महिने घालवले.

दुकानात त्यानं बूट आधी उलटा केला. तळावर पिवळा अष्टकोन होता, विब्रमचा. १९३५ साली इटलीच्या डोंगरात विताले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा साथीदार वादळात सापडून गेले. त्या काळचे बूट खिळ्यांच्या तळाचे. खिळे खडकावर घसरत आणि बर्फाची थंडी थेट पावलात आणत. ब्रामानीनं पिरेली या टायर कंपनीची मदत घेतली आणि १९३७ साली खोल खाचांचा रबरी तळ बाजारात आणला. त्याच्याच नावातली अक्षरं जोडून विब्रम. अशा तळाचे बूट घालून १९५४ साली इटालियन पथक के-टूच्या माथ्यावर पोचलं. दुकानातला तो बूट नातवानं दोन्ही हातांनी वाकवून पाहिला. जेमतेम वाकला. दगडी उतारावर बुटाच्या कडेवर उभं राहायचं तर तळ असाच ताठ लागतो. आबांचा पातळ तळ मातीच्या रानासाठी होता. इथे तो चालला नसता. पुढचे दोन महिने तो भाजी आणायलासुद्धा तेच बूट घालून गेला. रात्री त्यांना मेण चोळायचा. अंगठ्याजवळची शिवण आली की बोट आपोआप तिथे थोडं जास्त थांबायचं.

शिकाऱ्याचे कपडे गिर्यारोहकाहून वेगळे का असतात, ते पहिल्याच फेरीत कळलं. गिर्यारोहक चालत राहतो. शिकारी पहाटे हजार मीटर चढतो, घामानं निथळतो आणि मग दोन-तीन तास दगडासारखा बसून दुर्बिणीनं समोरचा कडा वाचतो. एकाच दिवसात एकाच माणसाला दोन हंगाम. त्या पहिल्या खेपेला तो सगळे कपडे अंगावर चढवूनच निघाला. माथ्यावर पोचेपर्यंत बनियन पिळता आलं असतं. बसल्यावर वीस मिनिटांत बोटं इतकी बधिरली की जॅकेटची चेन धरता येईना, दातांनी ओढावी लागली. समोर सहा थार चरत होते. त्यानं बंदूक पोत्यातून काढलीच नाही. असल्या हातांनी गोळी झाडायची नसते.

बरोबरचा म्हातारा शिकारी त्या भागातल्या रिवाजाप्रमाणे लोकरीच्या लांब आतल्या विजारीवर अर्धी चड्डी घालून चढत होता, अंगात एकच पातळ बंडी. वर पोचल्याबरोबर त्यानं ती ओली बंडी उतरवली, पाठ पुसली, सॅकमधून कोरडी काढून घातली, तिच्यावर पिसांचं जॅकेट आणि सगळ्यावर हिरवा लोकरी सदरा. १९१३ सालापासून त्या देशात विकला जाणारा स्वॉनड्री तो हाच. निघताना थंडी वाजली पाहिजे, एवढंच तो बोलला. सदऱ्याची बाही नाकाजवळून गेली, आणि तीस वर्षांपूर्वीची खोळ तिथे होती. लोकर, ओली माती. तंबाखू तेवढा नव्हता.

लोकरीचा दुसरा गुण तिथे कळला, तो म्हणजे ती बोलत नाही. नायलॉनच्या जॅकेटची बाही झुडपाला घासली की जो सर्र आवाज होतो, त्यानं तीनशे मीटरवरची आयाळ वर उठते. म्हणून पाणी अडवणारं जॅकेट सॅकमध्ये, पाऊस आला तरच बाहेर. पोटऱ्यांवर जाड गेटर. स्पीअरग्रास नावाचं तिथलं झुडूप सुयांच्या जुडग्यासारखं असतं. नदी आली की बूट काढायचे नाहीत. ओढा दिसला की वहाणा काठीला अडकवायची गावाकडची सवय त्यानं फार जड मनानं सोडली; पण बर्फाच्या पाण्यात, गोल गोट्यांवर, अनवाणी पाय टिकत नाही. पलीकडे जाऊन पाणी ओतायचं, मोजे पिळायचे, तेच लोकरीचे मोजे पुन्हा घालून चालायला लागायचं. अर्ध्या तासात पाय गरम.

आणि डोक्याला भडक नारिंगी टोपी. हरणांच्या डोळ्यांना नारिंगी आणि लाल रंग आपल्यासारखे दिसत नाहीत, मळकट भासतात. माणसाला मात्र ते मैलावरून दिसतात. तिथे जनावर समजून साथीदारावर गोळी झाडल्याच्या घटना घडल्या आहेत, म्हणून लक्ष्य काय आहे याची निःसंशय खात्री करा, हा तिथल्या बंदूकधाऱ्यांच्या सात नियमांपैकी एक. लाल मुंडाशाचा अर्थ त्याला नीट लागला तो तिथे.

२०१२ साली युरोपात गेला असताना त्यानं वाट वाकडी करून बोल्झानोचं संग्रहालय गाठलं. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेला, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा, एत्सी नावाच्या माणसाचा देह तिथे आहे. पोटात रानबकरा आणि हरणाचं मांस, भात्यात चौदा बाण, त्यातले दोनच पुरे झालेले. डोंगरातला शिकारीच तो. अस्वलाच्या कातड्याची टोपी, पायांवर बकऱ्याच्या कातड्याची वेष्टणं, शेळ्या-मेंढ्यांच्या कातड्याच्या पट्ट्या शिवून केलेला अंगरखा. पण नातू काचेसमोर उभा राहिला तो जोड्यांच्या. तळ अस्वलाच्या कातड्याचा. आत झाडाच्या सालीच्या दोरीची जाळी विणलेली, आणि त्या जाळीत पायाभोवती कोंबलेलं सुकं गवत. ऊब हवेची, हवा धरून ठेवणारं गवत. पेत्र ह्लावाचेक या चेक प्राध्यापकांनी तसेच जोडे बनवून डोंगरात चालून पाहिले आहेत. एका जोड्याची दोरी जीर्ण होऊन सुटली होती, गवताच्या काड्या बाहेर डोकावत होत्या. कुणीतरी ते गवत वाळवून, निवडून, हातानं आत बसवलं होतं. चार पावलं चालून पुन्हा काढून नीट केलं असेल. त्याला खुंटीवरचा जोड दिसला.

आता गुडघे हजार मीटरचा चढ मानत नाहीत. बंदूक विकली, परवाना परत केला. बूट आहेत, तळ एकदा बदलला, मेण अजून दर मे महिन्यात लागतं.

गेल्या महिन्यात पुण्याहून पुतण्याच्या मुलीचा फोन आला. उत्तरकाशीला बेसिक कोर्सला निघाली आहे. "आजोबा, जॅकेट कुठलं घेऊ? तीन बघून ठेवलीत," तिनं विचारलं. तो म्हणाला, "जॅकेटचं मागनं बघू गं. आधी बूट घे. दिवसभर हिंडून संध्याकाळी जा दुकानात, तेव्हा पाय सुजलेले असतात. जे मोजे घालणार तेच घेऊन जा. उतरत्या फळीवर उभी राहा, आणि बोटं टेकली तर दुकानदार काहीही म्हणू दे, उठून ये."