चला सायकलवर, नगरच्या बेटावर!



नकाशात ग्रीस देश शोधलाय कधी? समुद्रात मूठभर शेंगदाणे फेकावेत तशी त्याच्या भोवती बेटं विखुरलेली दिसतात. राजधानी अथेन्स. तिच्या शेजारच्या पिरेअस बंदरातून बोट पकडली की साधारण तासाभरात एजिना नावाचं बेट येतं. तिथे पिस्त्यांच्या बागा आहेत आणि टेकडीवर सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचं आफाया देवीचं देऊळ आहे. हे सगळं सायकलवरून बघायची तिकडच्या पर्यटकांना फार हौस. बरोबर एक माहीतगार वाटाड्या असतो. सकाळी निघायचं, दिवसभर पेडल मारायचं आणि संध्याकाळी बोटीने परत.

तुम्ही म्हणाल, "एवढं लांब कोण नेणार आम्हाला? आणि आपल्या नगरला कुठला आलाय समुद्र?"

खरंय. समुद्र नाही. पण बेट आहे, बरं का! चक्क बेटावर बांधलेला महाल आहे. आणि तिथे जायला बोट लागत नाही, सायकल पुरते. का पुरते, ते तिथे पोचल्यावर कळेल. आजच्या सहलीचा वाटाड्या मी. चला तर!

आधी तयारी. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या पुढे-मागे निघा, म्हणजे ऊन बाधत नाही. आदल्या दिवशी दोन्ही चाकांत हवा भरा, चेनला तेल द्या आणि ब्रेक मात्र नीट तपासा. ब्रेकचे रबर झिजले असतील तर बदलूनच घ्या, कारण आज आपल्याला घाट उतरायचाय. पंप आणि पंक्चरचं सामान एकाने घ्यावं. डोक्याला हेल्मेट हवंच. प्रत्येकाकडे पाण्याच्या दोन बाटल्या, डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. गिअरची सायकल नसली तरी बिघडत नाही. एक मोठं माणूस सगळ्यांच्या पुढे आणि एक सगळ्यांच्या मागे. मधे आपण, एकामागे एक. शेजारी शेजारी गप्पा मारत सायकल चालवायची नाही, रस्त्यावर मालट्रक असतात.

सकाळी सहाला भुईकोट किल्ल्याजवळ जमू. किल्ला आपण दुपारी बघणार आहोत. आधी चढ, मग उतार! उन्हं वर यायच्या आत डोंगर चढायचा, हा सायकलवाल्यांचा पहिला नियम.

भिंगार ओलांडून पाथर्डी रस्त्याला लागलं की समोर उजाड डोंगरावर एक उंच दगडी इमारत दिसते. तोच चांदबिबी महाल. शहरापासून साधारण तेरा किलोमीटर. नगर शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंचीवर आहे आणि हा डोंगर नऊशे मीटरच्या वर. म्हणजे आपल्याला अडीचशेहून जास्त मीटर चढायचंय. सुरुवातीला काही वाटत नाही. शेवटच्या टप्प्यात मात्र मांड्या भरून येतात, पेडल दगडासारखं जड होतं. तेव्हा लाजू नका, खाली उतरा आणि सायकल ढकलत चला. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. चढ किती आहे हे मोटारीत बसून कळत नाही, सायकलवर पायांना कळतं. आज ही चढ-उताराची गोष्ट आपल्याला पुन्हा लागणार आहे.

वर पोचलात? घाम पुसा, दोन घोट पाणी प्या आणि इमारतीकडे बघा. अष्टकोनी, तीन मजली, सगळी दगडाची. कमानींमधून सोसाट्याचा वारा येतो. पश्चिमेला सगळं नगर शहर पसरलेलं दिसतं.

आता एक गंमत सांगू? याला चांदबिबी महाल म्हणतात, पण हा चांदबिबीचा नाही आणि महालही नाही! ही सलाबतखानाची कबर आहे. सलाबतखान हा सोळाव्या शतकात मुर्तजा निजामशहाचा वजीर होता. मग नाव चांदबिबीचं का? चांदबिबी हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची राणी. १५९५-९६ साली अकबर बादशहाच्या फौजेने, त्याचा मुलगा मुराद याच्या हाताखाली, नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला. चांदबिबी स्वतः तटावर उभी राहिली आणि रातोरात तिने खिंडार बुजवून घेतलं. मोगलांना तह करावा लागला. पुढे १६०० साली तिच्याच माणसांनी तिचा घात केला आणि किल्ला मोगलांकडे गेला. अशी शूर बाई लोकांच्या मनात घर करून राहिली. म्हणून मग डोंगरावरच्या मोठ्या इमारतीलाही लोकांनी तिचंच नाव दिलं.

सलाबतखानाचं नाव मात्र मागे पडलं. वास्तविक त्याचं काम तुमच्या-आमच्या रोजच्या जगण्याशी जवळचं आहे. ते काम म्हणजे पाणी! इथून फार दूर नसलेल्या भातवडीचा, म्हणजे आजच्या भातोडीचा जुना तलाव त्याच्याच काळातला. याच भातवडीला १६२४ साली मोठी लढाई झाली. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर एका बाजूला आणि मोगल व आदिलशहा यांच्या फौजा दुसऱ्या बाजूला. फौज थोडी, शत्रू फार. मलिक अंबरने काय केलं असेल? त्याने तलावाचा बांध फोडला! सगळीकडे चिखलच चिखल झाला आणि शत्रूचं सैन्य त्यात अडकलं. त्या लढाईत शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने लढले. शहाजीराजांचे धाकटे बंधू शरीफजी मात्र तिथे कामी आले. बघा, ज्या पाण्याने शेतं भिजायची त्याच पाण्याने लढाई जिंकून दिली.

भाकरी खाल्लीत? खरकटं नि कागद पिशवीत भरा. भिंतीवर नाव कोरायचा मोह झाला तर हात खिशात घाला. चारशे वर्षं उभ्या असलेल्या दगडाला आपल्या नावाची गरज नाही.

आता उतरायचं. दोन्ही ब्रेक हळूहळू, मागचा आधी. दोन सायकलींत भरपूर अंतर. वळणावर पेडल मारायचं नाही. आता पाय थांबवा आणि लक्ष द्या. तुम्ही काहीच करत नाही, तरी सायकल धावते आहे. ना पेट्रोल, ना पेडल. उतार तिला नेतोय. अगदी असंच पाणी नेता येतं! जुन्या नगरकरांनी हेच ओळखलं होतं. शहराच्या आसपासच्या उंच जागी विहिरी आणि झरे शोधायचे. तिथून जमिनीखाली भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवत शहरापर्यंत आणायचे. त्यांना खापरी नळ म्हणत. उतार बेताचा ठेवायचा. फार तीव्र ठेवला तर नळ फुटणार, कमी ठेवला तर गाळ साचणार. सगळा हिशोब हातांनी आणि नजरेने. वीज नाही, पंप नाही, तरी पाणी शहरातल्या हौदांत आणि कारंज्यांत यायचं. मलिक अंबरनेही पुढे खडकी म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला असंच जमिनीखालून पाणी नेलं. ती नहर-ए-अंबरी.

भिंगारकडे परत येऊन सोलापूर रस्त्याच्या बाजूला वळलं की आपलं बेट आलं. रस्ता ओलांडताना सायकलवरून उतरा, दोन्हीकडे बघा आणि चालत ओलांडा.

हा फराहबाग! १५८३ साली बांधून पुरा झालेला अष्टकोनी, दुमजली महाल. मधे उंच घुमटाचं दालन आणि चहूबाजूंनी कमानी. मुर्तजा निजामशहाला ही जागा फार आवडायची, इथे तो बुद्धिबळ खेळत बसायचा असं सांगतात. तो पुरा होण्यात आपल्या सलाबतखानाचा हात होता. या महालाच्या चारी बाजूंनी तळं होतं. सुमारे दीडशे फूट रुंद आणि सतरा फूट खोल! भर उन्हाळ्यात पाण्यावरून येणारा वारा कमानींतून आत शिरायचा आणि दालन गार राहायचं. विजेच्या पंख्याशिवाय गारवा!

आणि आता? आता आपण सायकल हातात धरून थेट महालापर्यंत चालत जाऊ शकतो. कारण तळ्यात पाणीच नाही. गवत आहे, झुडपं आहेत. म्हणून म्हटलं होतं, बोट लागत नाही!

आमच्या शाळेतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "पाणी नसेल तर त्याला बेट म्हणायचं का?" तुम्ही काय उत्तर द्याल? कोरड्या तळ्याच्या काठावर बसा, डब्यातला उरलेला गूळ खा आणि विचार करा. महाल राजाचा होता, पण तो उभा होता पाणी आणणाऱ्यांच्या जिवावर. राजे गेले, नळांची देखभाल थांबली, नळ फुटले, बुजले. महाल दगड-चुन्याचा म्हणून टिकला. पाणी मात्र रोज राखावं लागतं, ते एकदा बांधून संपत नाही. ग्रीसच्या कोरड्या बेटांवरही लोक पावसाचं पाणी हौदात साठवून वर्षभर पुरवत आले. चारी बाजूंना समुद्र, पण पिता येत नाही! आपल्या नगरचंही तसंच. आपला बराचसा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. ढग डोक्यावरून जातात, पण पडतात थोडे. आज शहराला मुळा धरणातून पंपाने पाणी येतं. वीज गेली की ते थांबतं. खापरी नळाला वीज लागत नव्हती.

पण म्हणून हे सगळं जुन्या काळाबरोबर गेलं असं समजू नका हं. याच नगर तालुक्यात हिवरे बाजार आहे. १९८९ सालापर्यंत तिथली माणसं पोटासाठी गाव सोडून जात होती. मग पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने डोंगरावर चर खणले, बंधारे घातले, झाडं लावली. दरवर्षी गाव आपल्या पाण्याचा जमाखर्च मांडतं आणि पाणी किती यावरून पीक ठरवतं. ऊस आणि केळी नको म्हणून गावाने ठरवलं. २०२० साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली. तळं कोरडं पडू शकतं, तसं भरूही शकतं!

फराहबागेच्या जवळच रणगाडा संग्रहालय आहे. १९९४ साली सुरू झालेलं. जुन्या रणगाड्यांपासून आपल्या विजयंतापर्यंत सगळे इथे उघड्यावर रांगेत उभे आहेत. १९६५च्या युद्धात पाकिस्तानकडून मिळालेला पॅटन रणगाडा जरूर बघा. असल उत्तरच्या लढाईत अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने असेच पॅटन फोडले आणि मरणोत्तर परमवीरचक्र मिळवलं. पोलादाच्या त्या धुडाशेजारी आपली सायकल उभी केली की ती टाचणीएवढी वाटते.

आता शेवटचा मुक्काम, सकाळचा किल्ला. तो लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून मोठ्यांनी ओळखपत्र बरोबर ठेवावं आणि आत कधी सोडतात ते आधी विचारून घ्यावं. भोवती खोल खंदक आहे, म्हणजे पाहा, हेही एक बेटच! १९४२च्या 'चले जाव' चळवळीत पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव अशा बारा नेत्यांना इंग्रजांनी इथे डांबलं. नेहरूंनी १९४४ साली इथेच 'भारताचा शोध' हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. तुरुंगाच्या आवारातल्या रुक्ष जमिनीत त्यांनी बागही फुलवली. बेटावर अडकलेल्या माणसाने काय करावं, याचं हे एक उत्तर.

संध्याकाळी घरी पोचाल तेव्हा तीस-पस्तीस किलोमीटर सायकल झालेली असेल. पाय दुखतील, भूक सपाटून लागेल. नगरचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. जिच्या नावावरून झालं त्या अहिल्याबाई होळकर याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या, आणि त्यांनी देशभर विहिरी नि घाट बांधले. तेव्हा या जिल्ह्यातल्या मुलांना पाण्याची एक शोधमोहीम काढायला काय हरकत आहे?

तुमच्या गावात एखादी बारव, जुना हौद, बुजलेली विहीर नक्की असेल. रविवारी सायकल काढा, तिथे जा. आजी-आजोबांना विचारा, इथे पाणी कुठून यायचं? कधी आटलं? का आटलं? उत्तरं वहीत लिहा, शेजारी नकाशा काढा आणि वर्गात सगळ्यांना वाचून दाखवा. आणि हो, निघायच्या आधी चाकांत हवा बघायला विसरू नका!