इंदूर एका तासाने लांब

इंदूरहून परदेशी निघालेल्या माणसाला शेजारीपाजारी व्हिसाचं विचारत नाहीत, शेव किती नेताय ते विचारतात. मी एक किलो लौंग शेव, एक किलो साधी आणि जिरावण मसाल्याची दोन पाकिटं घेतली होती. २०१९च्या ऑगस्टअखेरीस मुलाकडे पॅरिसला निघाले होते. शेंगेन व्हिसावर जास्तीत जास्त नव्वद दिवस राहता येतं, आणि मुलाचं म्हणणं असं, की एवढं तिकीट काढून येतेस तर सगळे दिवस वसूल कर. म्हणजे गणपती तिकडे, नवरात्र तिकडे आणि दिवाळीही तिकडेच. कालनिर्णय बॅगेत सगळ्यात वर ठेवलं. रामबागेतल्या घराची किल्ली समोरच्या जैन भाभींच्या हातात दिली. त्या म्हणाल्या, "दीदी, बेफिकर जाओ." आणि मी खरंच बेफिकीर गेले.

आयफेल टॉवर पाहिला, लूव्र पाहिलं, सेन नदीतून बोटीने फिरून आले. सगळं सुंदर आहे आणि त्यावर मराठीत पुरेसं लिहून झालेलं आहे. माझी गोष्ट निघते ती गार द्यू नोर स्टेशनाच्या मागच्या ला शापेल भागातून. तिथे श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांची दुकानं आहेत आणि त्यांचं माणिक विनायकर आलयम हे गणपतीचं देऊळही. गणेशचतुर्थीच्या सुमारास एका रविवारी त्याचा रथ निघतो. रस्त्यावर नारळांचे ढीग रचलेले असतात, रथ जवळ आला की ते फोडतात, आणि पॅरिसच्या डांबरावरून नारळाचं पाणी वाहायला लागतं. फ्रेंच पोलीस बाजूला शांत उभे. मी त्या गर्दीत शिरले आणि मला एकदम आमच्या इंदूरच्या गिरण्यांच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, आठवल्या. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, बाकीच्या गिरण्यांचे भोंगेही थांबले. तरी त्या गिरण्यांचे कामगार वर्गणी गोळा करून, उसनवारी करून झांकी उभी करतात आणि सगळं इंदूर रात्रभर रस्त्यावर येऊन ती बघतं. गिरणी गेली, गाव सुटलं, तरी गणपती सोडायचा नाही, असं हे दोन्हीकडचं प्रकरण. माझ्या हातावर एका अनोळखी तमिळ बाईने प्रसादाची वाटी ठेवली. मी रिकामी वाटी हातात धरून तिला शोधत बसले. ती कधीच गर्दीत गेली होती.

परदेशात मुलाकडे राहणारी आई सतत घेत असते, हे मला तेव्हापासून बोचायला लागलं. पॅरिसच्या मेट्रोत जिने फार आणि लिफ्ट मोजक्याच. दर वेळी कोणीतरी तरुण पोरगा किंवा पोरगी माझी पिशवी उचलून वर नेऊन ठेवायची. मी "मर्सी" म्हणायची, ते हसून निघून जायचे. तिथे हिशेब मिटतो. आमच्या गल्लीत तो मिटत नाही. कोणाच्या घरून ताट आलं की ते धुऊन, त्यात चार करंज्या नाहीतर निदान चमचाभर साखर घालूनच परत जातं, आणि मग समोरची बाजू पुन्हा कर्जात. वर्षानुवर्षं हे असंच चालू असतं, कोण कोणाचं किती देणं लागतो हे कुणालाच सांगता येणार नाही. पॅरिसमध्ये माझ्याकडे एकही उधारी शिल्लक राहत नव्हती, आणि त्याचाच त्रास होत होता.

त्याशिवाय हसू येईल अशा गोष्टींचीही आठवण येत होती. सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू येत नाही म्हणून मला जाग आल्यासारखं वाटत नसे. इंदूर त्या वर्षी स्वच्छतेत सलग तिसऱ्यांदा देशात पहिलं आलं होतं. पॅरिसच्या फुटपाथवर सिगरेटची थोटकं दिसली की मी सुनेकडे पाही. ती म्हणायची, "आई, बोलू नका, कळलं."

ऑक्टोबरात मुलाने सांगितलं, "चल, तुला इंदूर दाखवतो." रिव्होली रस्त्यावर सजावट-कलांचं मोठं संग्रहालय आहे, लूव्रच्याच इमारतीच्या एका अंगाला. तिथे २६ सप्टेंबरपासून इंदूरच्या महाराजांवर, म्हणजे दुसऱ्या यशवंतराव होळकरांवर, प्रदर्शन लागलं होतं. दारातच इंदूर हे नाव रोमन अक्षरांत माझ्या उंचीएवढं. आत त्यांची दोन मोठी तैलचित्रं, बर्नार बूते द मोंवेल या फ्रेंच चित्रकाराने काढलेली. एकात महाराज युरोपियन पार्टीच्या काळ्या पोशाखात, उंच, सडपातळ, जरा कंटाळलेले. दुसऱ्यात मराठी पोशाखात, डोक्यावर पगडी, गळ्यात नाशपातीच्या आकाराचे ते दोन प्रसिद्ध हिरे, त्यांच्या वडिलांनी १९१३ साली पॅरिसच्याच शोमे पेढीतून घेतलेले. दोन्ही चित्रांत माणूस तोच, आणि माझ्या मते दोन्हींत तो घरी नाही.

पुढच्या दालनांत माणिकबाग. ऑक्सफर्डला शिकताना यशवंतरावांची एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराशी ओळख झाली आणि १९३०नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याने इंदुरात हा राजवाडा उभा केला. बाहेरून साधा, आतून त्या काळातल्या युरोपातलं सगळ्यात नवं सामान: रूलमानचं टेबल, आयलीन ग्रेची खुर्ची, दा सिल्वा ब्रून्सचे गालिचे, काच आणि धातूचे पलंग. १९८० साली मोनॅकोत या सामानाचा लिलाव झाला आणि ते जगभर पांगलं. राजवाडा मात्र इंदुरातच राहिला, केंद्रीय उत्पादन शुल्क आणि सीमाशुल्काची कचेरी होऊन. माझे मामा तिथे नोकरीला होते. लहानपणी आम्हाला माणिकबाग म्हणजे मामांचा डबा आणि त्यांच्या कचेरीतल्या फायली एवढंच ठाऊक. मी ग्रेच्या खुर्चीसमोर उभी राहून सुनेला हे सांगत होते, तर पहारेकरी जवळ आला, त्याला वाटलं मी खुर्चीला हात लावते आहे. सुनेने त्याला फ्रेंचमध्ये सांगितलं, या बाई इंदूरच्या आहेत. त्याने मला वाकून नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि एक पाऊल मागे सरकला. खरं तर ती खुर्ची तिच्या माहेरी परत आली होती. लांब आले होते ती मी.

तिथल्या एका छायाचित्राने मात्र मला खिळवून ठेवलं. मॅन रे या अमेरिकन छायाचित्रकाराने काढलेला यशवंतराव आणि त्यांच्या पत्नी संयोगिताराजे यांचा फोटो. दोघंही पोरसवदा, एकमेकांना रेलून हसतायत. संयोगिताराजे कागलच्या घाटग्यांची मुलगी, कोल्हापूरकडची. १९३७ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या वारल्या, अवघ्या बाविशीत. माझ्या डोक्यात एकच आलं: युरोपात दिवाळी आली असेल तेव्हा या पोरीला चकली कोणी दिली असेल? नोकरचाकर असतीलच, पण नोकराने दिलेली चकली आणि शेजारणीने आणून दिलेली, यांत फरक आहे.

आता दिवाळी. फराळाला लागलो तेव्हा पहिली अडचण धुराच्या घंटेची. फ्रान्समध्ये २०१५पासून प्रत्येक घरात ती लावणं सक्तीचं आहे. सगळ्या खिडक्या उघडून, स्वेटर घालून आम्ही चकल्या तळल्या, तरी दुसऱ्या घाण्याला ती कोकललीच. मुलगा म्हणाला, आपला यंदाचा फटाका वाजला. चिवडा ला शापेलहून आणलेल्या लाल पोह्यांचा केला, जिरावण माझं.

त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, रविवारी २७ ऑक्टोबरला. आणि नेमक्या त्याच पहाटे युरोपातली घड्याळं एक तास मागे गेली. मी सवयीने अभ्यंगाला उठले तर घड्याळात जेमतेम चार. तेल लावलं, उटणं लावलं, खालच्या मजल्याची झोप मोडू नये म्हणून नळाची धार बारीक सोडून अंघोळ केली, आणि इंदूरला फोन लावायला बसले. बोटांवर मोजलं. कालपर्यंत साडेतीन तासांचं अंतर होतं, आज साडेचार. ऐन दिवाळीच्या दिवशी माझं घर एका तासाने लांब गेलं होतं, आणि कुणीही काही केलं नव्हतं.

दुपारी भाभींचा व्हिडिओ कॉल आला. इंदुरात संध्याकाळ झाली होती. दिवाळीत त्या जैनांच्या काचमंदिरात निर्वाण लाडू वाहतात, महावीरांच्या निर्वाणाचा दिवस म्हणून. फोन फिरवून त्यांनी माझं दार दाखवलं. उंबऱ्यासमोर गेरू सारवून त्यावर खडूने मांडणा काढलेला, दोन्ही बाजूंना दिवे. "दीदी, पहले आपके दरवाज़े पे रखा, फिर अपने." मागे फटाक्यांचा एवढा आवाज होता की पुढचं ऐकू आलं नाही. बरं झालं. मलाही बोलता येत नव्हतं.

लक्ष्मीपूजनाला शेवंती हवी होती. पॅरिसमध्ये ऑक्टोबरअखेर शेवंतीच शेवंती असते, प्रत्येक फुलवाल्याकडे कुंड्यांच्या रांगा. सून जरा घुटमळली. म्हणाली, "आई, इथे ही एक नोव्हेंबरला कबरीवर नेतात, घरात कोणी ठेवत नाही." मी म्हटलं, लक्ष्मीला सांगू आपण. पिवळी कुंडी घेऊन आलो. जिन्यात इमारतीची राखणदार बाई भेटली, पॅरिसमधल्या कितीतरी राखणदार बायकांसारखी पोर्तुगालची. कुंडी पाहून तिचा चेहरा उतरला. तिने सुनेला हळूच विचारलं, घरात कोण गेलं? सुनेने समजावलं तर ती हसत सुटली, आणि मग मला वर थांबवत नव्हतं. एक स्टीलचं ताट भरून चकल्या, शंकरपाळे, चिवडा आणि दोन बेसनाचे लाडू तिच्या खोलीत नेऊन दिले. पॅरिसमध्ये आल्यापासून पहिल्यांदाच मी कोणाला तरी काहीतरी देत होते. त्या रात्री झोप चांगली लागली.

ताट काही परत येईना. सून म्हणाली, विसरली असेल, मागू का? मी म्हटलं, अजिबात नाही. अकरा नोव्हेंबरला बेल वाजली. संत मार्टिनचा दिवस, पोर्तुगालमध्ये त्या दिवशी चेस्टनट भाजतात. ताट गच्च भरलेलं, चेस्टनट अजून गरम, वर घडी केलेला रुमाल. तिने इतके दिवस त्याच दिवसासाठी ताट ठेवून घेतलं होतं.

निघायच्या आदल्या आठवड्यात भाभींसाठी काय न्यायचं यावर सुपरमार्केटात आमची तासभर परिषद झाली. जैन घर, त्यामुळे अंडं नको, जिलेटिन नको, दारू नको. सून एकेक खोका वाचून परत ठेवत होती. शेवटी गोड चेस्टनटच्या मुरंब्याचा डबा मिळाला: चेस्टनट, साखर, व्हॅनिला, संपलं. तो रामबागेत आणून भाभींच्याच एका ताटात, त्यांनी मागे कधी ढोकळा पाठवला होता त्यात, ठेवून दिला. भाभींनी तिथेच डबा उघडला, बोटाने चाखला, डोळे मिटून विचार केला आणि म्हणाल्या, "अच्छा है दीदी, बिल्कुल सिंघाड़े के हलवे जैसा. बस, इलायची डालना भूल गए वो लोग."