गॅसोलीन गल्लींतले काका

वर्तमानपत्रांतील हास्यचित्रें हा विषय जन्मभर शब्दरूपावली आणि रघुवंश शिकविणाऱ्या माणसाचा नव्हे, हें मी आरंभींच कबूल करतों. वर्गांत एखाद्या विद्यार्थ्याच्या वहींतून असल्या चित्रांचें कात्रण निघालें, तर तें जप्त करून टेबलाच्या खणांत टाकणें एवढाच माझा त्या कलेशीं संबंध. परंतु गेल्या पावसाळ्यांत माझ्या धाकट्या मुलानें शिकागोजवळच्या त्याच्या बिऱ्हाडाहून तीन जाडजूड खंड मजकडे पाठविले, आणि सोबतच्या चिठींत 'बाबा, हें तुम्ही वाचाच' एवढेंच लिहिलें. नातवानें पहिलें पान उघडतांच 'आजोबा, हीं तर कॉमिक्स!' म्हणून टाळ्या पिटल्या. मुलाचें मन मोडूं नये म्हणून मीं चष्मा पुसला आणि वाचावयास बसलों. त्यानंतर दीड महिना आमच्या घरीं दिवेलागणीचीं स्तोत्रें आटोपलीं कीं झोपाळ्यावर त्या खंडांचें वाचन चाले. मी अर्थ सांगे, नातू चित्रें पाही, आणि सूनबाई भाजी निवडतां निवडतां माझे उच्चार सुधारीत असे.

ह्या चित्रमालिकेचें नांव 'गॅसोलीन ॲली'. आपण ज्यास पेट्रोल म्हणतों त्यास अमेरिकेंत गॅसोलीन म्हणतात, आणि घरांच्या मागल्या अंगानें जाणारी बोळ ती ॲली. फ्रँक किंग ह्या चित्रकारानें 'शिकागो ट्रिब्यून' पत्रांत २४ नोव्हेंबर १९१८ रोजीं, म्हणजे पहिलें महायुद्ध थांबल्यानंतर तेराव्या दिवशीं, ती सुरू केली. मोटारगाडी तेव्हां बेताच्या मिळकतीच्या माणसाच्या आटोक्यांत नुकती येऊं लागली होती. वॉल्ट, डॉक, एव्हरी आणि बिल हे चार शेजारी त्या बोळांत उभे राहून एकमेकांच्या गाड्यांत डोकें घालीत आणि वाद करीत, एवढाच प्रारंभींचा मजकूर. त्यांपैकीं वॉल्ट वॉलेट हा अविवाहित. अंगानें स्थूल, स्वभावानें भला, आणि आपल्या मोकळेपणावर मनापासून खूष.

पत्राचे एक चालक कॅप्टन जोसेफ पॅटर्सन ह्यांच्या मनांत आलें कीं, मोटारींच्या गप्पा बायका कशाला वाचतील? त्यांच्यासाठीं मालिकेंत एक तान्हें मूल आणावें. किंग म्हणाला, वॉल्टचें तर लग्नच झालेलें नाहीं, मूल आणूं कोठून? तेव्हां तोड निघाली ती अशी कीं, १४ फेब्रुवारी १९२१ च्या अंकांत वॉल्टच्या दारांत कोणी एक तान्हें मूल ठेवून गेलें. खपाच्या हिशेबानें आणलेलें हें पोर. पण त्यानें पुढचे सगळे हिशेब बदलून टाकले. त्याचें खरें नांव ॲलिसन, परंतु सारें जग त्यास स्कीझिक्स म्हणतें. तिकडच्या गुराख्यांच्या बोलींत आई नसलेल्या वासरास हा शब्द आहे.

आतां किंगचा मोठेपणा सांगतों. चित्रांतल्या माणसांस वय नसतें, हा त्या धंद्यांतील सर्वमान्य नियम. ह्याच पॅटर्सनसाहेबांच्या न्यूयॉर्कच्या पत्रांत १९२४ सालीं ॲनी नांवाची पोरकी मुलगी अवतरली. २०१० सालीं ती मालिका संपली तेव्हांहि ती मुलगीच होती. दूर कशाला जा, पुण्याच्या 'सकाळ'मध्यें १९९१ सालीं आलेला चिंटू माझ्या मुलांनीं जेवढा पाहिला तेवढाच माझ्या नातवानें पाहिला. मला त्यांत दोष दिसत नाहीं. मूल मूलच राहावें असें कोणास वाटत नाहीं? पण किंगनें स्कीझिक्सला वाढूं दिलें. वाचकाचा एक दिवस गेला कीं त्या मुलाचाहि एक दिवस जाई. तो रांगला, उभा राहिला, बोलूं लागला. दर शरद ऋतूंत रविवारच्या रंगीत पानावर वॉल्ट त्याला घेऊन गळलेल्या पानांतून फिरावयास जाई. मालिका पुढें सरकत गेली तसा वॉल्टच्या हातांतला तो हात प्रत्येक वर्षीं थोडा वर येत गेला. नातवाला ह्यांत कांहीं विशेष वाटलें नाहीं. तो स्वतःच वाढतो आहे, त्याला काय नवल!

स्कीझिक्स वॉल्टला 'अंकल वॉल्ट' म्हणतो. इंग्रजींतील हा शब्द मोठा आळशी. काका, मामा, आत्याबाईंचे यजमान, मावशीचे यजमान, सगळ्यांची मोट त्यांत बांधलेली. मी नातवास अर्थ सांगतांना जराहि न अडखळतां 'वॉल्टकाका' म्हणालों. सूनबाईनें वर पाहिलें. तिला कारण ठाऊक होतें.

मी दहा महिन्यांचा असतांना माझी आई गेली. वडील त्याआधींच विषमज्वरानें गेले होते. माझे काका वाईस पोष्टांत कारकून होते. वय बत्तीस, दोन खोल्यांचें बिऱ्हाड, जेवण खानावळींत. आजोळचीं माणसें म्हणालीं, एकट्या पुरुषानें एवढेंसें पोर कसें वाढवावयाचें? काका म्हणाले, 'नेऊन तर पाहतों.' दुपट्यांत गुंडाळून एस्. टी. च्या गाडींतून त्यांनीं मला आणलें, आणि वाड्यांतील बायका दारांत जमल्या त्या मूल पाहावयास कमी आणि काकांची फजिती पाहावयास जास्त, असें ते स्वतःच हंसत हंसत सांगत. दूध किती, पाणी किती, रडतें तें पोट दुखून कीं भुकेनें, ह्या विवंचनेंत सांपडलेला वॉल्ट पाहून आमच्या घरांत सगळे पोट धरून हंसले. मीहि हंसलों, परंतु नंतर उठून परसांत गेलों.

एक गोष्ट येथें लिहिलीच पाहिजे. वॉल्टच्या घरीं स्वयंपाकास आणि मुलास सांभाळावयास रेचल नांवाची कृष्णवर्णीय स्त्री आहे. त्या घरांतलें अर्धें मातृत्व तिच्या अंगावर पडलेलें. पण बर्फावरील सांवल्या इतक्या नाजूक हातानें काढणाऱ्या किंगनें तिचें चित्र मात्र त्या काळच्या हिडीस रूढीबरहुकूम काढलें आहे. जाड ओठ, आणि तोंडीं थट्टेसाठीं मोडलेली भाषा. सूनबाई म्हणाली, 'हीं पानें मुलाला नको दाखवूं या.' मी म्हणालों, दाखवूं या, आणि मग आपलीहि गोष्ट सांगूं या.

मला अंगाखांद्यावर खेळविलें तें आमच्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या बाईनें. तिला मी मावशी म्हणे. काकांच्या कचेरीच्या वेळांत मी तिच्या कडेवर असें. मला गोंवर आला तेव्हां ती तीन रात्री घरीं गेली नाहीं. परंतु तिचा चहा वेगळ्या कानतुटक्या कपांत, आणि तो अंगणाच्या पायरीवर बसून. तो कप बाहेरच्या कोनाड्यांत उपडा ठेवलेला असे. काकांनीं तो तेथें ठेवला होता, आणि मी कळता झाल्यावर, दुसऱ्यांच्या मुलांस समतेवर निबंध लिहावयास सांगूं लागल्यावर, मींहि तो कित्येक वर्षें तेथेंच राहूं दिला. मावशी गेली तेव्हां मी परगांवीं परीक्षेचे पेपर तपासावयास गेलों होतों. किंगला दोष देण्यापूर्वीं मला तो कोनाडा दिसतो.

तिसऱ्या खंडांत १९२६ साल येतें, आणि त्या सालच्या जून महिन्यांत वॉल्ट फिलिस ब्लॉसम हिच्याशीं लग्न करतो. स्कीझिक्स तेव्हां पांच वर्षांचा. हा भाग मीं घरांत मोठ्यानें वाचला नाहीं. रात्रीं एकट्यानें वाचला. नव्या बाईच्या येण्यानें मुलाचें काय होईल, ही धास्ती तेथील हजारों वाचकांसहि पडली असेल. पण फिलिसनें त्या पोराला आपलेंच मानलें. पुढें १९२८ सालीं कॉर्की जन्मला, १९३५ सालीं वॉल्टच्या गाडींत आणखी एक टाकलेली पोर सांपडली, ज्यूडी. आणि ज्या घरांत एक सुखवस्तु ब्रह्मचारी राहत होता तेथें पाय ठेवावयास जागा उरली नाहीं.

मी सात वर्षांचा असतांना काकांस एक स्थळ आलें होतें. मुलगी शिक्षिका होती, तीस वर्षांची. तीं माणसें चहास आलीं त्या दिवशीं मी माळ्यावर चढून बसलों आणि उतरेना. बाईंनीं खालून मला नांवानें हांक मारली. आवाज अजून कानांत आहे, गोड आवाज होता. मीं ओ दिली नाहीं, उलट वरून पत्र्याचा डबा खालीं फेकला. तो कोणास लागला नाहीं. पाहुणे गेल्यावर काकांनीं शिडी लावून मला उतरविलें, डब्याचा पोचा ठोकून सरळ केला आणि नेहमींप्रमाणें भात वाढला. त्या स्थळाचें नांव पुढें कधीं निघालें नाहीं. काकांनीं नकार दिला होता हें मला वीस वर्षांनीं, माझ्या स्वतःच्या लग्नाच्या याद्या करितांना, वाड्यांतील एका वृद्ध बाईंकडून कळलें. मीं काकांस विचारलें, तर म्हणाले, 'पत्रिका जुळत नव्हती.' काकांचा पत्रिकेवर विश्वास नव्हता.

वॉल्ट आणि फिलिस ह्यांच्या लग्नाचें तें पान मीं किती वेळां पाहिलें हें सांगण्यांत अर्थ नाहीं.

तीन खंड तेथेंच संपतात. पुढची वंशावळ नातवानें संगणकावरून काढून दिली. स्कीझिक्स दुसऱ्या महायुद्धांत सैन्यांत गेला. १९४४ सालीं त्यानें नीना क्लॉक हिच्याशीं लग्न केलें. १९४५ सालीं चिपर झाला, १९४९ सालीं क्लोव्हिया. चिपर व्हिएतनामच्या युद्धांत जखमींची शुश्रूषा करीत होता. क्लोव्हियाचें लग्न स्लिम नांवाच्या स्थूल आणि आरामी गृहस्थाशीं झालें. किंग १९६९ सालीं वारला; त्याच्या आधींच, १९५९ पासून, रोजचीं चित्रें डिक मूर्स ह्यांच्याकडे गेलीं होतीं, आणि ते १९८६ सालीं वारल्यावर जिम स्कँकॅरेली ह्यांनीं लेखणी घेतली. चित्रकार बदलले, कुटुंब चालू राहिलें. मला रघुवंशाची आठवण झाली, हें वाचकांस हंसूं आणील. पण एकोणीस सर्गांत एकामागून एक राजा येतो, मुलगा हातातोंडाशीं आला कीं बाजूस होतो, तीच ही रीत.

फरक आहे तो एका ठिकाणीं. कालिदास आपल्या माणसांस जाऊं देतो. २००४ सालीं ह्या मालिकेंत फिलिस वारली; वॉल्ट मात्र राहिला. त्याची शंभरी केव्हांच उलटून गेली तरी त्याला नेण्याचा धीर चित्रकारास होईना. एका कथेंत तर बंद पडलेल्या चित्रमालिकांतील म्हातारीं पात्रें ज्या वृद्धाश्रमांत राहतात, तेथें वॉल्ट पाहुणा म्हणून जाऊन येतो. गंमत चांगली आहे, पण मला ती पुरती गोड लागली नाहीं. इंदुमती गेल्यावर अज आठ वर्षें जगला तो दशरथ लहान होता म्हणून. मुलगा शस्त्र धरूं लागला आणि अजानें गंगा-शरयूच्या संगमावर देह ठेवला. वॉल्टचा मुलगा तर स्वतःच म्हातारा झाला. नातवानें विचारलें, 'मग वॉल्टकाका थांबलेत कशासाठीं?' मी म्हणालों, वाचणाऱ्यांना करमणार नाहीं म्हणून. त्याला तें पटलें. मला पटलें कीं नाहीं हें त्यानें विचारलें नाहीं.

काका १९९७ सालीं गेले. शेवटच्या आजारांत त्यांना दवाखान्यांत दाखल करितांना एक छापील कागद भरावयाचा होता. 'रुग्णाशीं नातें' ह्या रकान्यांत मीं 'मुलगा' असें लिहिलें. काकांनीं खाटेवरून चष्मा मागितला. पोष्टांतल्या मनिऑर्डरी तपासण्याची संवय. नांव, पत्ता, तारीख, सगळें बोट ठेवून वाचलें. मग म्हणाले, 'पुतण्या लिही. कागदावर चूक नसावी.' मीं खोडून 'पुतण्या' लिहिलें. परिचारिका कागद न्यावयास आली तेव्हां तो काकांच्याच हातांत होता, आणि खोडलेल्या शब्दावर त्यांचा अंगठा होता.