रोदँची सुटलेली रेषा

शिल्पकार ओग्युस्त रोदँ म्हटलं की आठवतो तो त्याचा ‘द थिंकर’ हा पुतळा. हनुवटी हातावर टेकलेली, पाठीचा स्नायू न् स्नायू ताणलेला. माझा जीव मात्र जडलाय त्याच्या कागदांवर, आणि त्यातही उतारवयातल्या कागदांवर. पॅरिसच्या रोदँ संग्रहालयात त्याची हजारो रेखाटनं आहेत. ती वयाच्या क्रमाने पाहत गेलं, की एका माणसाची मूठ हळूहळू उघडताना दिसते.

गंमत अशी, की तरुणपणी या माणसावर आळ आला होता तो फार हुबेहूब काम केल्याचा. १८७७ साली त्याचा ‘कांस्ययुग’ हा पुतळा लोकांसमोर आला, तेव्हा हा घडवलेला नाही, जिवंत माणसाच्या अंगावरून साचा काढलाय, अशी कुजबुज झाली. पुढे १८८० मध्ये ‘नरकाचे द्वार’ या दरवाजाचं काम मिळालं. त्या काळात दान्ते या कवीच्या नरकवर्णनाच्या ओढीने केलेली रेखाटनं शाईत बुडालेली, जड. आकृत्या अंधारातून उकरून काढाव्यात तशा. कागदावरही तो शिल्पच करत होता.

मग १८९० च्या दशकात ही पकड सुटते. ठरावीक पोझ बंद. मॉडेलने स्टुडिओत हवं तसं वावरायचं, आळस द्यायचा, केस सोडायचे, जमिनीवर लोळायचं. रोदँची नजर तिच्यावरून ढळत नसे आणि पेन्सिल कागदावर आपली आपण चालत राही. कागदाकडे बघायचंच नाही! त्यामुळे कधी पाऊल कागदाबाहेर निसटतं, कधी मांडी भलतीच लांबते. तो खोडत बसत नाही. पहिल्या रेषेशेजारी दुसरी ओढतो, आणि दोन्ही राहू देतो. पुढे कधी त्याच आकृतीची स्वच्छ रेषा दुसऱ्या कागदावर उतरवून घेतो आणि वर जलरंगाचा पातळ हात फिरवतो. तो रंगही रेषेचं ऐकत नाही. खांद्यावरून ओघळून बाहेर पसरतो.

वयामुळे हात सैल पडला, असं कुणी म्हणेल. मला ते अजिबात पटत नाही. पेतीत एकोल या कलाशाळेत लकॉक द ब्वाबोद्राँ या शिक्षकांनी त्याला आधी नीट बघायला आणि मग आठवणीतून काढायला शिकवलं होतं. त्यात मातीत शरीर चाचपण्याची कितीतरी वर्षं मिसळली. खांदा कुठे वळतो, हे त्या बोटांना आता कागदावर पडताळून बघायची गरज उरली नव्हती.

१९०६ च्या जुलैत कंबोडियाच्या राजनर्तकी पॅरिसला आल्या. रोदँ तेव्हा पासष्ट वर्षांचा. नाच पाहून तो इतका भारावला, की त्यांच्यामागोमाग थेट मार्सेयला गेला. थोड्याच दिवसांत दीडशेच्या आसपास रेखाटनं झाली. त्यांत चेहरे जेमतेम सुचवलेले. सगळा प्राण हातांत. मागे वळलेली बोटं, कोपराचा उलटा बाक, आणि त्या बाकामागून निघून अंगभर पसरलेला निळा किंवा पिवळा रंग. इथे शरीर थांबलेलंच नाही. इतकी जिवंत रेषा त्याला ‘नरकाचे द्वार’च्या काळात साधली नसती, असं मला ठामपणे वाटतं.

लाइफ क्लासमध्ये मानवाकृती काढायला शिकणाऱ्या मुलांना ही नर्तकींची चित्रं जरूर दाखवा. पण त्याआधी ती शाईत बुडालेली, जड रेखाटनं दाखवा, आणि त्यांच्यासमोर मुलांना भरपूर वेळ बसू द्या.