परक्या घराचा उंबरा

चालून मी दमते हे लोकांना कळतं. उभी राहूनही दमते, हे सांगावं लागतं. माझा उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला आहे. रांगेत उभ्या असलेल्या धडधाकट माणसाची पोटरी आणि घोटा सतत तोल सावरत असतात, त्याच्या ध्यानीमनीही नसतं. माझं ते सगळं काम कंबर, मांडी आणि डावा पाय उरकतात. संध्याकाळी ठणकतो तो डावाच.

त्यात कृत्रिम पाय दिवसभर सारखा बसत नाही. सकाळी सॉकेट, म्हणजे त्याची वरची खोबण, घट्ट असतं. दुपारपर्यंत स्टंप, म्हणजे कापून उरलेला पाय, आक्रसतो, सॉकेटमध्ये आत सरकतो आणि गुडघ्याच्या वाटीखाली पेलायचं वजन नडगीच्या टोकाला टोचू लागतं. मग आडोसा शोधायचा, पाय काढायचा, घाम पुसायचा, वर आणखी एक मोजा चढवायचा, पुन्हा पाय बसवायचा. शाळेत माझी मधली सुट्टी यातच जाते, डबा मागाहून.

पण सगळ्यात जड जातो तो परक्या घराचा उंबरा. बाहेर घालायच्या माझ्या कृत्रिम पायाचा घोटा वळत नाही, आणि तो बुटाच्या टाचेची उंची धरून जुळवलेला आहे. बूट काढला की टाच खाली जाते, नडगी मागे कलते, गुडघा मागे रेटला जातो. सपाट फरशीवर चढ चढल्यासारखी मी चालते. रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 1968 च्या सुमारास जयपूरला रबरी पाऊल घडवलं, ते याचसाठी: अनवाणी चालता यावं, मांडी घालता यावी, उकिडवं बसता यावं. आपलं जगणं जमिनीवरचं आहे हे त्यांनी ओळखलं, याचं मला फार मोल आहे. घरात मी अजून जयपूर फूटच घालते. शाळेतून परस्पर कुणाकडे जावं लागलं की मात्र पंचाईत होते.

गणपतीत तर होतेच. यजमान ‘असू द्या हो बूट’ म्हणतात, मनापासून म्हणतात. पण समोर मूर्ती असताना माझं मन धजत नाही. बूट काढून भिंतीच्या आधाराने मी आत शिरते. कुणी मायेने दंड धरला, तर होता तो तोलही जातो. म्हणून आता मीच आधी विचारते, ‘जरा तुमच्या खांद्यावर हात ठेवू का?’